७४१ वर गेन हजार लावला की माईकचा आवाज का बसतो: फीडबॅक, गेन आणि बँडविड्थ टेबलावर मोजून शिकूया

डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातला एक पोरगा परवा आमच्या उद्यमनगरातल्या टेबलावर बोर्ड घेऊन आला, तालमीच्या मंडळासाठी माईकचा प्रीॲम्प केलेला, ७४१ ही ऑपॲम्प चिप (सिग्नल मोठा करणारी) एकच, फीडबॅकला १ मेगओहम आणि खाली १ किलोओहम, म्हणजे गेन, सिग्नल कितीपट मोठा होतो तो आकडा, हजार. सर्किट बरोबर, सोल्डरिंग स्वच्छ, सप्लाय बरोबर. पण माईकमध्ये "चेक चेक" म्हटलं की स्पीकरमधून नुसतं "एक एक" ऐकू येतंय, च नाही, श नाही, स नाही, कुणीतरी तोंडावर घोंगडं टाकून बोलल्यासारखं. तो दोन दिवस माईक बदलत होता, स्पीकर बदलत होता. दोष गेनच्या आकड्यात होता आणि तो कागदावर एका भागाकारात सापडला असता. तो भागाकार आणि त्याच्या मागचं सगळं मी त्याला जसं टेबलावर करून दाखवलं तसंच इथं लिहितोय, नवीन शिकणाऱ्यानं दोन तास काढून स्वतः करून बघावं, वाचून पुढं जाऊ नये.

सामान

७४१ दोन-तीन घ्या, एखादी खराब निघतेच. टीएल०७१ हा दुसरा ऑपॲम्प एक. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, पहिलीचं मायनस आणि दुसरीचं प्लस जोडलं की तो जोड तुमचा ग्राउंड, एका टोकाला +९ आणि दुसऱ्याला −९. रेझिस्टर १०० ओहम, १ के, १० के (हे दोन), १०० के, १ मेग, मेटल फिल्मचे घ्या. १०४ छापलेले डिस्क कॅपॅसिटर दोन, ते चिपच्या सप्लाय पिनांना अगदी चिकटून ग्राउंडला लावायचे, ब्रेडबोर्डच्या दुसऱ्या टोकाला लावून उपयोग नाही. फंक्शन जनरेटर (सिग्नल देणारा) आणि स्कोप (लाट पडद्यावर दाखवणारा) कॉलेजच्या लॅबमध्ये मिळतोच. स्कोप नसेल तर लॅपटॉपच्या साऊंड कार्डवर २० किलोहर्ट्झपर्यंतचं काम भागतंय, पण स्वस्तातल्या मल्टिमीटरच्या एसी रेंजवर विसंबू नका, त्यातले बरेचसे चारशे-पाचशे हर्ट्झच्या वर खोटं सांगायला लागतात आणि तुम्हाला वाटतं ऑपॲम्पच घसरला.

७४१ ची पिनं: २ मायनस इनपुट, ३ प्लस इनपुट, ४ ला मायनस सप्लाय, ६ आऊटपुट, ७ ला प्लस सप्लाय. टीएल०७१ ची हीच पिनं तशीच आहेत म्हणून त्याच सॉकेटात बसतंय. टीएल०७२ मात्र बसवू नका, तो आत दोन ऑपॲम्पवाला आहे, त्याचं ७ नंबर आऊटपुट आणि ८ ला प्लस सप्लाय, म्हणजे ७४१ च्या जागी टोचला की सप्लाय सरळ आऊटपुटवर जातो.

पायरी १: आधी फीडबॅकशिवाय बघा

२ आणि ३ दोन्ही पिनं ग्राउंड करा, ६ वर मीटर लावा. इनपुट शून्य, मग आऊटपुट शून्य यायला पाहिजे ना? येत नाही. सात-साडेसात व्होल्टला कुठल्यातरी एका बाजूला जाऊन चिकटतं. कारण ७४१ चा स्वतःचा गेन, ज्याला ओपन लूप गेन म्हणतात, साधारण २ लाख आहे, आणि आतल्या दोन ट्रान्झिस्टरांत एक-दोन मिलिव्होल्टचा फरक (ऑफसेट) असतोच, त्याला २ लाखानं गुणलं तर दोनशे-चारशे व्होल्ट, बॅटरीत तेवढे आहेत कुठं, म्हणून भिंतीला जाऊन धडकतं.

म्हणजे हा २ लाखाचा गेन तसाच्या तसा कुणी वापरत नाही. शिवाय तो भरवशाचाही नाही, डेटाशीटमध्ये टिपिकल २ लाख आणि मिनिमम २० हजार दिलेला असतो, दहापट फरक एकाच नंबरच्या दोन चिपांत, वर तापमानानं हलतो ते वेगळंच. मग अशा लहरी गड्याकडून नेमकं काम कसं करून घ्यायचं, तर फीडबॅक लावून.

पायरी २: फीडबॅक लावा

आपल्याकडच्या गुऱ्हाळावर जो गेलाय त्याला हे लगेच पटेल. काहिलीत रस उकळत असतो, गुळव्या काहिलीकडं डोळे लावून उभा असतो, रस वर यायला लागला की जाळ घालणाऱ्याला कमी कर म्हणतो, मंदावला की वाढव म्हणतो. चिपाड ओलं आहे का वाळलेलं, वारा कुठून येतोय, ह्याच्याशी गुळाला काही घेणंदेणं उरत नाही, कारण बघणारा माणूस शेवटाकडं बघून सुरुवातीला दुरुस्त करतोय. निगेटिव्ह फीडबॅक एवढाच आहे: आऊटपुटचा ठराविक हिस्सा परत आणायचा, इनपुटमधून वजा करायचा आणि जो फरक उरेल तेवढाच ऑपॲम्पला द्यायचा.

जोडणी अशी. सिग्नल ३ वर. ६ आणि २ च्या मध्ये १० के. २ आणि ग्राउंडच्या मध्ये १ के. झालं नॉन इन्व्हर्टिंग ॲम्प्लिफायर. परत येणारा हिस्सा अकरावा, १ भागिले (१० + १), त्याला बीटा म्हणतात. ऑपॲम्प धडपडून २ नंबरची पिन ३ नंबरच्या पिनीइतकी ठेवायला बघतो आणि त्यासाठी आऊटपुट इनपुटच्या अकरापट व्हावं लागतं, म्हणून गेन ११. (२ आणि ३ उलटे जोडले तर फीडबॅक पॉझिटिव्ह होतो आणि आऊटपुट परत भिंतीला चिकटून बसतं. नवीन पोरांच्या बोर्डात मी हे सगळ्यात आधी तपासतो.)

पूर्ण सूत्र: मिळणारा गेन = ए ÷ (१ + ए × बीटा), इथं ए म्हणजे ओपन लूप गेन. ए ला २ लाख घाला, उत्तर १०.९९९४ येतं. आता समजा चिप बदलली आणि ए निम्मा झाला, १ लाख, उत्तर १०.९९८८. चिपचा गेन अर्धा झाला आणि तुमच्या सर्किटला त्याचा पत्ता पण लागला नाही! हा हिशोब स्वतः कॅल्क्युलेटरवर करा, मला पहिल्यांदा जमला तेव्हा त्या दिवशी मी तो चार वेळा केला होता, इतका आनंद झाला होता.

ही कल्पना हॅरोल्ड ब्लॅक ह्या बेल लॅब्सच्या इंजिनिअरला १९२७ च्या ऑगस्टमध्ये हडसन नदीवर फेरीबोटीतून कामाला जाताना सुचली, हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावरच त्यानं ती लिहून काढली. त्याचा प्रश्न लांबच्या टेलिफोन लाईनींचा होता, ओळीनं लावलेले ॲम्प्लिफायर, प्रत्येकाचा थोडा बिघाड पुढच्यात मिसळत जायचा. भरपूर गेन तयार करायचा आणि त्यातला बराचसा मुद्दाम सोडून द्यायचा ही गोष्ट तेव्हा लोकांना खुळ्यासारखी वाटली, पेटंट हातात यायला १९३७ उजाडलं.

पायरी ३: बँडविड्थ मोजा

इथं घाई करू नका, सगळा लेख ह्या पायरीसाठी आहे.

जनरेटरचं आऊटपुट सरळ ३ वर देऊ नका. १० के आणि १०० ओहमचा डिव्हायडर करून त्याच्या मधल्या जोडावरून द्या, म्हणजे जनरेटरला २ व्होल्ट पीक ठेवलं की चिपला साधारण २० मिलिव्होल्ट मिळतात. सिग्नल लहान का पाहिजे ते पायरी ५ मध्ये कळेल.

फ्रीक्वेन्सी १०० हर्ट्झ ठेवा. स्कोपचा व्हर्टिकल नॉब आणि त्यातला बारीक ॲडजस्ट फिरवून आऊटपुटची लाट वरपासून खालपर्यंत बरोबर ७ खाने करा. आता स्कोपला हात न लावता फक्त फ्रीक्वेन्सी वाढवत जा. लाट ५ खान्यांवर आली की थांबा, ती तुमची बँडविड्थ, म्हणजे गेन जिथपर्यंत टिकतो ती फ्रीक्वेन्सी. ७ चे ५ म्हणजे ०.७१, आणि आपल्याला ०.७०७ पाहिजे असतं, तीन डेसिबल खाली. जुन्या टेक्निशियन लोकांची युक्ती आहे, कॅल्क्युलेटर लागत नाही.

गेन ११ ला ही फ्रीक्वेन्सी ९० किलोहर्ट्झच्या आसपास निघेल. लिहून ठेवा. आता १० के काढून १०० के लावा, गेन १०१, परत मोजा: १० किलोहर्ट्झच्या आसपास. १ मेग लावा, गेन १००१, इनपुट दहापट कमी करून २ मिलिव्होल्टवर आणा नाहीतर आऊटपुट छाटलं जाईल: १ किलोहर्ट्झ. सगळ्यात शेवटी ६ आणि २ ला नुसती वायर जोडा, १ के काढून टाका, गेन १, इनपुट परत २० मिलिव्होल्ट: मेगाहर्ट्झच्या घरात.

चारही ओळी शेजारी शेजारी लिहा आणि गेन गुणिले बँडविड्थ करा. प्रत्येक वेळी १० लाखाच्या आसपास येतंय, १ मेगाहर्ट्झ. तुमच्या चिपला थोडं इकडंतिकडं होईल, पण चार ओळींचा गुणाकार एकमेकाला धरून राहील. हाच गेन बँडविड्थ प्रॉडक्ट, आणि माईकवाल्या पोराचा भागाकार हाच: १० लाख भागिले १ हजार, बरोबर १ किलोहर्ट्झ. माणसाच्या बोलण्यातले च, श, स हे तीन-चार किलोहर्ट्झच्या वरच जास्त करून असतात, ते सगळे कापले गेले होते.

पायरी ४: असं का होतं ते कागदावर काढा

७४१ चा २ लाख गेन फक्त अगदी खाली, साधारण ५ हर्ट्झपर्यंतच टिकतो. तिथून पुढं फ्रीक्वेन्सी दहापट केली की गेन दहावा हिस्सा होतो. १ किलोहर्ट्झला एक हजार, १० किलोहर्ट्झला शंभर, १०० ला दहा, १ मेगाहर्ट्झला एक. हे चिपच्या बनावटीतली कमजोरी म्हणून झालेलं नाही, आत ३० पिकोफॅरडचा कॅपॅसिटर मुद्दाम घातलाय. त्याच्या आधीचा ७०९, १९६५ चा, त्याला हे कॅपॅसिटर बाहेरून हिशोब करून लावावे लागायचे आणि चुकलं की सर्किट ओरडत बसायचं. १९६८ मध्ये फेअरचाइल्ड ह्या चिप कंपनीच्या डेव्ह फुलगारनं ७४१ मध्ये तो आतच टाकला, म्हणून तो कुणालाही जमायला लागला.

लॉग पेपर घ्या, आडवी फ्रीक्वेन्सी, उभा गेन, आणि ही उतरती रेघ काढा. आता तुमच्या गेनची आडवी रेघ काढा, समजा १०१ ला. दोन्ही रेघा जिथं एकमेकीला भेटतात ती बँडविड्थ. आडवी रेघ खाली आणली की भेट उजवीकडं सरकते, बस, एवढंच सगळं. पण मला ह्या कागदावरची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते आणि शिकवताना तीच सगळ्यात आधी गळते: उतरत्या रेघेपासून आडव्या रेघेपर्यंत मध्ये जे उभं अंतर आहे ते. तो उरलेला गेन. त्याला लूप गेन म्हणतात, आणि फीडबॅकला काम करायला जी ताकद लागते ती तीच.

उदाहरण घ्या. गेन १०१, फ्रीक्वेन्सी १ किलोहर्ट्झ. तिथं चिपकडं आहेत हजार, आपण वापरतोय शंभर, उरला दहापट. लाटेची उंची तरीही अर्ध्या टक्क्यानंच कमी होते, कारण ह्या भागात ऑपॲम्प ९० अंश मागं असतो आणि वजाबाकी सरळसोट होत नाही, म्हणून स्कोपवर सगळं छान दिसतं. पण डिस्टॉर्शन? ते फीडबॅकनं फक्त दहापट कमी होणार, हजारपट नाही. आऊटपुट रेझिस्टन्स, ७४१ चा मुळातला ७५ ओहम, तो पण तेवढाच कमी होणार. म्हणून "बँडविड्थ १० किलोहर्ट्झ आहे ना, मग ९ किलोहर्ट्झ चालेल" असं म्हणू नका, चालतं, पण ९ किलोहर्ट्झला फीडबॅककडं काहीच उरलेलं नसतं. माझा नियम असा की ज्या सगळ्यात वरच्या फ्रीक्वेन्सीची तुम्हाला पर्वा आहे तिथं कमीत कमी दहापट उरला पाहिजे, मोजमापाचं काम असेल तर शंभरपट. एवढा हिशोब करूनच मग रेझिस्टर निवडायचे.

इन्व्हर्टिंगवाल्यांसाठी एक सांगतो. सिग्नल १ के मधून २ नंबरला आणि फीडबॅकला १ के लावला तर गेन −१, पण बँडविड्थ १ मेगाहर्ट्झ येत नाही, निम्मी येते, कारण आऊटपुटचा अर्धाच हिस्सा परत येतोय, बीटा अर्धा. बँडविड्थचा हिशोब नेहमी १ भागिले बीटानं करायचा. मिक्सर करणाऱ्यांना हे नडतं: आठ इनपुट, प्रत्येकाला १० के, फीडबॅकला १० के, प्रत्येक चॅनलचा गेन नुसता एक, पण १ भागिले बीटा ९. म्हणजे ७४१ वर ११० किलोहर्ट्झ उरले आणि १० किलोहर्ट्झला लूप गेन जेमतेम अकरा.

पायरी ५: मोठा सिग्नल द्या आणि लाट त्रिकोणी होताना बघा

गेन ११ वर परत या, बँडविड्थ ९० किलोहर्ट्झ मोजली होती. डिव्हायडर काढा आणि ५ व्होल्ट पीक आऊटपुट येईल एवढा सिग्नल द्या, मग १० किलोहर्ट्झपासून हळूहळू ५० पर्यंत न्या. सोळा-सतराच्या पुढं साइन लाटेच्या बाजू सरळ व्हायला लागतात, मग चक्क त्रिकोण. बँडविड्थ संपलेली नाही, हा स्लू रेट आहे. ७४१ चं आऊटपुट एका मायक्रोसेकंदात अर्धा व्होल्टच हलू शकतं, आतला तोच ३० पिकोफॅरड भरायला करंट मोजकाच मिळतो. फीडबॅक इथं काहीही करू शकत नाही, तुम्ही कितीही ओरडा, जाळ घालणाऱ्याच्या हातात जेवढी चिपाडं मावतात तेवढीच पडणार.

हिशोब: लागणारा स्लू रेट = ६.२८ × फ्रीक्वेन्सी × पीक व्होल्टेज. २० किलोहर्ट्झ, १० व्होल्ट पीक पाहिजे तर मायक्रोसेकंदाला १.२६ व्होल्ट लागतात, ७४१ मध्ये बसत नाही. आता ७४१ काढून टीएल०७१ टोचा, तो मायक्रोसेकंदाला १३ व्होल्ट हलणारा आहे, त्रिकोण जाऊन परत गोल लाट येते. त्याचा गेन बँडविड्थ प्रॉडक्ट पण ३ मेगाहर्ट्झ, तर गेन ११ ला २७० किलोहर्ट्झच्या आसपास मोजून बघा.

पायरी ६: माईकचा प्रीॲम्प दुरुस्त करूया

एका ७४१ नं हजार गेन काढण्यापेक्षा दोन वापरायचे. प्रत्येकाला फीडबॅकला ३३ के, खाली १ के, गेन ३४. दोन एकापुढं एक, साडेअकराशे. प्रत्येकाची बँडविड्थ २९ किलोहर्ट्झ, दोन सारखे एकापुढं एक लावले की एकत्र बँडविड्थ ०.६४ पट होते, म्हणजे १९ किलोहर्ट्झ. एक चिप वाढवली, दहा-पंधरा रुपयांची, आणि १ किलोहर्ट्झचे १९ झाले. मला इलेक्ट्रॉनिक्समध्ये ह्यापेक्षा स्वस्त सौदा माहीत नाही.

दोन्हीकडं १ के च्या खाली ग्राउंडला जाताना १० मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर लावा. नाहीतर पहिल्याचा दोन मिलिव्होल्टचा ऑफसेट साडेअकराशेनं गुणला जाऊन आऊटपुटला सव्वादोन व्होल्ट डीसी बसतो. कॅपॅसिटरमुळं डीसीला गेन एक होतो आणि १६ हर्ट्झच्या वर सगळं पूर्ववत.

पोरानं तिथंच टेबलावर दुसरी चिप बसवली, माईक तोंडाशी धरला आणि "चेक" म्हटला, च आला. पण मागं सूं सूं आवाज पण आला, तो ७४१ चा स्वतःचा नॉइज, त्याला फीडबॅक घालवत नाही. म्हणून अंतिम बोर्डावर एनई५५३२ लावला, एका चिपमध्ये दोन ऑपॲम्प, कमी नॉइजचे, प्रॉडक्ट १० मेगाहर्ट्झ. त्याच रेझिस्टरांनी बँडविड्थ आता १९० किलोहर्ट्झ, आणि २० किलोहर्ट्झला प्रत्येक स्टेजमध्ये लूप गेन जवळजवळ पंधरा उरतो.

पायरी ७: जास्तीची बँडविड्थ कापा आणि शिट्टी बंद करा

१९० किलोहर्ट्झ माईकला नको आहे, मंडळाच्या मांडवात डिमर असतात, जनरेटर असतो, मोबाईल असतात, सगळ्यांची घाण आत येते. दोन्हीकडं ३३ के ला समांतर १५० पिकोफॅरड लावला की प्रत्येक स्टेज ३२ किलोहर्ट्झला खाली यायला लागते. सूत्र १ ÷ (६.२८ × आर × सी). हा कॅपॅसिटर दुसरं काम पण करतो. फीडबॅकचे रेझिस्टर मोठे ठेवले, शे-दोनशे के किंवा मेग, की २ नंबरच्या पिनीवरचे पाच-दहा पिकोफॅरड मिळून परत येणाऱ्या सिग्नलला उशीर करतात. गुऱ्हाळावर गुळव्याचा निरोप जाळ घालणाऱ्याला दोन मिनिटं उशिरा पोचला तर काय होईल? रस उतू जात असताना जाळ वाढलेला असेल आणि थंडावत असताना कमी. इथं पण तेच, सर्किट स्वतःच ओरडायला लागतं. म्हणून फीडबॅकचा रेझिस्टर शक्यतो १० ते ५० के मध्ये ठेवा.

चिप घेताना एक बघायचं, काही ऑपॲम्प कमी गेनला चालतच नाहीत. एनई५५३४ बाहेरून कॅपॅसिटर न लावता तीनच्या खालच्या गेनला स्थिर राहत नाही, त्याला बफर (गेन एक) म्हणून लावलं की शिट्टी. त्याचाच जुळा भाऊ ५५३२ मात्र गेन एकला पण गप्प बसतो. आणि डेटाशीटवर करंट फीडबॅक असं लिहिलेली चिप असेल तर वरचा गुणाकाराचा नियम तिला लावू नका, तिथं बँडविड्थ मुख्यतः फीडबॅकच्या रेझिस्टरवर ठरते.

मंडळाच्या बॉक्सला शेवटची भानगड केबलची निघाली. टेबलावर सगळं नीट, पण मिक्सरपर्यंतची दहा मीटरची शील्ड वायर लावली की स्कोपवर लाट जाड दिसायची, नीट बघितलं तर लाटेवर मेगाहर्ट्झचा झिणझिणाट बसलेला. शील्ड केबलचा एक मीटर म्हणजे साधारण शंभर पिकोफॅरड, दहा मीटरचा हजार झाला, आणि तो आऊटपुटला लटकला की परत तोच उशीर. आऊटपुट पिन आणि केबलच्या मध्ये १०० ओहम घातला, फीडबॅक मात्र पिनीवरूनच घेतला, रेझिस्टरच्या पलीकडून नाही. लाट बारीक झाली. पोरानं झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं ३३ के, १ के, १५० पीएफ, १०० ओहम असं लिहून ठेवलं, खाली तारीख घातली आणि चार स्क्रू आवळले.